डाळीला उकळी येईपर्यंतचा पाठ

संतराम गुरुजींच्या तिसरीच्या वर्गात विहिरीचा पाठ सुरू होऊन आठवडा होत आला होता आणि अजून एकाही पोरानं त्यातली पहिली ओळ वाचलेली नव्हती.

ओळ तशी सोपी होती. 'आमच्या शेतात एक विहीर आहे.' पण 'विहीर' या शब्दापाशी आले की गुरुजींना त्यांचे मामा आठवत. मामांनी विहीर खणली होती. तिला सुरुंग लावायला वाशीमहून एक माणूस बोलावला होता. त्या माणसाला एका कानानं ऐकू येत नव्हतं, आणि ते का येत नव्हतं हे सांगायचं तर निजामाच्या काळात जाणं भाग होतं. गुरुजी जात. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत. मधल्या सुट्टीची वेळ उलटून गेली की कधीतरी गुरुजींना मनगटावरचं घड्याळ दिसे. मग ते बाहेर येऊन लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला देत आणि विहीर उद्यावर जाई.

बाबूसिंग नाईकाच्या तांड्यात याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कनेरगाव नाक्यावरून आत, चिखलाच्या गाडीवाटेनं यावं लागणाऱ्या या शाळेत मास्तर टिकतो हेच पुष्कळ होतं. गुरुजी आठवडाभर शाळेशेजारच्या खोलीत राहत, सोयरिकीत सल्ला देत, आजाऱ्याबरोबर हिंगोलीच्या दवाखान्यात जात. पोरांना वाचता येत नव्हतं, पण निजाम कसा गेला हे तिसरीतलं कुठलंही पोरगं सांगू शकत होतं. शिक्षण म्हणतात ते हेच, असा तांड्याचा समज होता आणि गुरुजींचाही.

नव्या केंद्रप्रमुख दिपा मॅडम आल्या आणि त्या समजाला पहिल्यांदा धक्का लागला. आसपासच्या सगळ्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली होत्या. मॅडम कमी बोलत. स्कूटी नाक्यावर ठेवून, चपला हातात घेऊन त्या चिखलातून आल्या, वर्गात शिरल्या आणि समोरच्या विकासला म्हणाल्या, "वाच."

विकासनं पुस्तक उघडलं आणि न घाबरता सुरुवात केली. "गुर्जीच्या मामानं विहीर खणली व्हती. तिला सुरुंग लावाया वाशीमहून..."

"पुस्तकातलं वाच."

विकासनं पान उलटून पाहिलं, परत पालटून पाहिलं. त्यात मामा कुठंच दिसेनात, तेव्हा तो थांबला. मॅडमनी आणखी काही पोरांना उठवलं. सगळी मामांपाशीच अडकली.

मग मॅडम गुरुजींना व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि जे सांगायचं ते उभ्याउभ्याच सांगून मोकळ्या झाल्या. वाचनाचा पाठ छोटा ठेवायचा. त्यात ध्येय एकच. ते फळ्यावर लिहायचं, म्हणजे आज काय करायचंय ते पोरांनाही कळतं. वाचायचं पोरांनी, गुरुजींनी नाही. आणि ध्येय झालं की थांबायचं. "दसरा झाला की यातली निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातील," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी त्यांना एक परिच्छेद तरी धड वाचता आला पाहिजे."

गुरुजींना ते पटलं. किती पटलं हे ते सांगू लागले, पण मॅडम निघायला वळल्या होत्या. तेव्हा त्यांनी घाईघाईनं खिशातला बदलीचा अर्ज पुढं केला. नरसी नामदेवला त्यांचं घर होतं आणि तिथल्या शाळेत एक जागा रिकामी होती. बाकीचं सगळं जुळलेलं होतं. केंद्रप्रमुखांची शिफारस तेवढी राहिली होती.

मॅडमनी अर्ज वाचून परत दिला. "दसऱ्याआधी एकदा येईन. पोरांनी परिच्छेद वाचला की त्याच दिवशी शिफारस लिहून देते."

नरसीला मंदिराच्या रस्त्यावर गुरुजींच्या पत्नी भागाबाई यांचं छोटं दुकान होतं. बुक्का, लाह्या-बत्तासे, नारळ, उदबत्त्या. दुकानाला लाकडी फळ्या होत्या, सकाळी काढायच्या आणि रात्री लावायच्या. गुडघे धरल्यापासून भागाबाईंना ते एकटीनं जमत नव्हतं. रोज रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारावी लागे, आणि हाक मारणं त्यांना आवडत नसे. नवरा आठवड्यातून एक दिवस घरी येई आणि तो दिवस बोलण्यात जाई.

त्या रविवारीही गुरुजींनी मॅडमची हकिकत जेवायला बसताना सुरू केली. ती संपली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"म्हंजी कमी बोला आन् बदली घ्या," भागाबाई म्हणाल्या. "एवढंच ना?"

"एवढंच कसं? त्याच्यात ध्येय असतंय..."

"तुमच्यानं व्हईल का पर ते?"

त्यांनी हे टोचून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. म्हणूनच ते गुरुजींना लागलं. त्यांना आता घरी यायचं होतं. बायकोजवळ राहायचं होतं, सकाळ-संध्याकाळ त्या फळ्या आपल्या हातानं काढायच्या-लावायच्या होत्या. जगातल्या हरेक विषयावर बोलणाऱ्या या माणसानं एवढी एक गोष्ट मात्र बायकोला कधी बोलून दाखवली नव्हती.

गुरुजी स्वतःला ओळखून होते. बोलायला लागले की त्यांना मनगट असल्याचीही आठवण राहत नसे, मग त्यावरच्या घड्याळाचं काय घ्या. म्हणून सोमवारी ते मिराबाईकडे गेले. शाळेत पोरांची खिचडी मिराबाई शिजवत असे. शाळेमागच्या पत्र्याखाली तिची चूल होती आणि घंटेचा लिंब तिच्या हाताशी होता. गुरुजींनी तिला समजावलं की तू डाळ चुलीवर चढवली की मी पाठ सुरू करणार आणि डाळीला उकळी आली की तू घंटा द्यायची.

"मी कितीबी रंगात असंना, वाजवायची," ते म्हणाले.

"आन् तुमी रागावल्यावर?"

"रागावलो तरी वाजवायची."

दुपारच्या वाचनासाठीही असंच ठरलं. मिराबाईनं भांडी घासायला घेतली की पाठ सुरू, शेवटचं ताट पालथं पडलं की घंटा. दोघांनाही हिशेब बरोबर वाटला.

पहिल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर सुबक अक्षरात ध्येय लिहिलं, 'विहिरीच्या पाठातली पहिली ओळ वाचणे.' मग ध्येय म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ध्येय नसलं की माणसाचं काय होतं याचं उदाहरण म्हणून आपल्या एका शाळासोबत्याचं नाव घेतलं. सोबती नुकता मॅट्रिकपर्यंत आला होता, इतक्यात बाहेर टोला पडला. मिराबाईची लाकडं त्या दिवशी चांगली वाळलेली होती. गुरुजी बोट वर करून तसेच उभे राहिले. पण बोललो म्हणजे बोललो, असा त्यांचा स्वभाव होता. त्यांनी तिथल्या तिथं नवा नियम केला. घंटा झाली की गुरुजी गप्प. मग पोरांनी एकेक करून उठायचं, ध्येयात लिहिलंय तेवढं वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि बाहेर पळायचं.

पोरांनी वाचल्यासारखं केलं आणि ती पळाली ती थेट ताटल्या घेऊन खिचडीच्या रांगेत. मिराबाईकडं तेव्हा नुसती उकळती डाळ होती. पोरांची समजूत काढण्यात तिचा जीव मेटाकुटीला आला.

पण शाळेतला हा गोंधळ किरकोळच म्हणायचा. तांड्यात घड्याळं दोन-तीनच होती. त्यातलं चालू एकच, आणि तेही लग्नात आलेलं म्हणून पेटीत जपून ठेवलेलं. बाकी सगळं शाळेच्या घंटेवर चाले. मधल्या सुट्टीची घंटा झाली की नाल्यापलीकडं अमृतरावांच्या रानात खुरपणाऱ्या बाया भाकरी सोडत. शाळा सुटायची घंटा झाली की खुरपी पुसून घराकडं निघत. त्याच घंटेला सटवाजी माळावरून आपल्या शेळ्या-मेंढ्या परत फिरवी. अलीकडं तर त्याला हाक मारायचीही गरज राहिली नव्हती, टोला पडला की कळपच माना वळवी. घंटा कधी आणि कशासाठी वाजते हे सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ती किती वेळा वाजली हे कुणी मोजत नसे.

त्या दिवशी बायांनी उन्हं तापायच्या आतच भाकरी सोडली. जेवण उरकून पुन्हा खुरपायला बसल्या, तर मधल्या सुट्टीची घंटा झाली. घंटा झाली म्हणजे बसणं आलंच, म्हणून त्या पुन्हा सावलीत जाऊन बसल्या. दुपारी मिराबाईचं शेवटचं ताट पालथं पडलं, टोला पडला आणि बाया घरी निघाल्या. माळावरचा कळपही वळला. त्याची घरची वाट अमृतरावांच्या कापसाच्या कडेनं जात होती. एरवी शेळ्यांना हाकलायला तिथं बाया असत. आज कुणीच नव्हतं, त्यामुळे शेळ्यांनी घरी जायची घाई केली नाही.

दोन दिवस अमृतरावांनी हे सोसलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नाईकाच्या ओट्यावर येऊन बसले. बाबूसिंग नाईकाचा शब्द तांड्यात शेवटचा असे. गुरुजींना बोलावणं गेलं, खुरपणाऱ्या बाया जमल्या, सटवाजी एका कडेला मान खाली घालून बसला.

"नाईक, ह्या शाळेला काही धरबंध हाय का न्हाई?" अमृतराव म्हणाले. "माझ्या बाया दिवसातून दोनदा जेवून राहिल्या. कापूस शेळ्या खाऊन राहिल्या. मला दिवसाचा रोज तर पुरा द्यावा लागतो."

गुरुजी छोट्या पाठाचं महत्त्व सांगायला उठले. नाईकानं हात वर करून त्यांना बसवलं. गुरुजी उठले की जेवण थंड होतं हे त्याला अनुभवानं माहीत होतं. त्यानं बायांना विचारलं. त्यातली सगळ्यात वयस्कर लखमा पुढं झाली. ती म्हणाली, आवाज तर एकच आहे, त्यातली भाकरीची घंटा कुठली आणि पाठाची कुठली हे आम्ही रानातून कसं ओळखायचं? आणि घंटा झाली तरी राबत राहिलो, असं आमच्या सासवांनीही कधी केलं नाही. बायांमधून हसू फुटलं. या नव्या पाठावर त्या खूश आहेत हे काही लपून राहिलं नाही.

नाईकानं बराच विचार केला आणि अमृतरावांना सुचवलं, "तुमी असं करा, बायांला सऱ्या वाटून द्या. एवढ्या सऱ्या खुरपल्या की घरी जावा म्हणावं. मंग घंटा कितीबी वाजंना."

"त्या दुपारीच घरी जातील की मंग."

"जाऊ द्या. खुरपणं तर व्हईल."

"खुरपणं व्हईल हो," अमृतराव म्हणाले. "पर दिवस कसा भरंल?"

लेकरं वाचायला शिकत असतील तर घंटा बंद होणार नाही, एवढं सांगून नाईकानं बैठक मोडली. अमृतराव जाताना म्हणाले की मग आपली घंटा आपण लावू.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रानातल्या गोठ्यापाशी बाभळीला नांगराचा जुना फाळ टांगला गेला. बेत सरळ होता. शाळेच्या घंटेला बाया बसल्या की इकडून फाळ वाजवायचा, म्हणजे त्या उठतील. अमृतरावांनी फाळ वाजवला. तेव्हा ज्या बाया अजून बसल्या नव्हत्या त्याही बसल्या. घंटेला बसायचं असतं एवढंच त्यांना माहीत होतं. अमृतरावांनी चिडून पुन्हा वाजवला. मग ते दिवसभर मनाला येईल तेव्हा वाजवू लागले. बायांनी मधला मार्ग काढला. त्या कुठल्याही घंटेला बसू लागल्या आणि आपल्या मर्जीनं उठू लागल्या. रानात गवत कापसाच्या कमरेला लागलं.

फाळाचा आवाज नाल्यावरून थेट वर्गात येई. घंटा झाली की वाचायचं, असा नियम होता. ती कुणाची आणि कशाची, याची चौकशी नियमात नव्हती. गुरुजींनी फळ्यावर ध्येय लिहावं, पोरांकडं वळून "एकदा काय झालं" म्हणावं, आणि नाल्यापलीकडून टोला पडावा. लगेच विकास उठून वाचायला लागे. त्याच्यामागं सेवा नावाचं पोरगं, मग बाकीची. पहिले काही दिवस ती अक्षरांवर ठेचकाळत होती. मग हळूहळू शब्द जुळायला लागले. एक ओळ झाली की दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुढची ओळ. भाद्रपद सरता सरता विकासनं विहिरीचा अख्खा परिच्छेद एका दमात वाचून दाखवला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुस्तक मिटून तो खेळायला पळाला. गुरुजींना त्या दिवशी रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गातलं कुठलं पोरगं असं वाचलं नव्हतं, आणि हे झालं तेव्हा आपण गप्प होतो, हेही त्यांना कळून चुकलं होतं.

मात्र न सांगितलेल्या गोष्टी पोटात साठत चालल्या होत्या. मामा आता विहिरीच्या काठापर्यंतसुद्धा पोचत नव्हते. वाशीमचा सुरुंगवाला सुरुंगासकट खोळंबला होता. शनिवारपर्यंत गुरुजींना कसंसंच व्हायचं. रविवारी ते थोडंफार भागाबाईंपाशी मोकळे होत. भागाबाईंनी तोवर गल्लीत सांगून टाकलं होतं की औंदा आमचे मालक घरी येऊन राहिले. कपाटातला एक कप्पाही त्यांनी रिकामा केला होता.

दसरा जवळ आला आणि दिपा मॅडम आल्या. यावेळी वाट वाळलेली होती, त्या स्कूटी घेऊन थेट शाळेपर्यंत आल्या. बाई माणूस स्वतः गाडी चालवत येतंय हे पाहून खुरपणाऱ्या बाया बांधावर आल्या, तिथून नाल्यावर आणि तिथून शाळेच्या कुंपणापाशी. अमृतरावांचं रान मोकळं पडलं.

वर्गात फळ्यावर ध्येय लिहिलेलं होतं, 'विहिरीचा परिच्छेद न अडखळता वाचणे.' मॅडम मागं जाऊन बसल्या. टेबलावर बदलीचा अर्ज, कोपरा न दुमडेल अशा बेतानं ठेवलेला होता. सगळं नीट होतं, पण साहेब लोक समोर बसले की गुरुजींची जीभ आपोआप सैल होत असे. त्यांनी घसा खाकरला. "विहीर," ते म्हणाले, "विहीर म्हणजे काय? माझे एक मामा होते..."

नाल्यापलीकडं अमृतरावांनी बायांना परत बोलवायला फाळावर घण घातला.

विकास उठला. त्यानं परिच्छेद वाचला. मग सेवानं वाचला. मग एकामागून एक सगळ्या वर्गानं. कुणी अडखळलं नाही, कुणी कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. शेवटचं पुस्तक मिटलं आणि वर्ग बाहेर निघून गेला. मॅडमनी रिकाम्या वर्गावरून नजर फिरवली.

"संपला पाठ?"

"संपला."

"गुरुजी," मॅडम म्हणाल्या, "इतका नेटका पाठ मी अजून कुठल्याच शाळेत पाहिला नाही. तुम्ही एक शब्दसुद्धा जास्त बोलला नाहीत." त्या पुढं आल्या, खुर्ची ओढून बसल्या, अर्ज समोर घेतला आणि पर्समधून पेन काढून त्याचं टोपण उघडलं.

इथं गुरुजींनी गप्प बसायला हवं होतं. फळ्यावर लिहिलेलं झालं होतं, कागद पुढं होता, पेन उघडं होतं. पण कौतुकाचे दोन शब्द कानावर पडले आणि महिनाभर पोटात कोंडलेलं सगळं एकदम वर आलं.

"मॅडम, पर हे साधलं कसं, ते तर ऐका," ते म्हणाले.

मॅडमनी टोपण न लावता ऐकायला सुरुवात केली. गुरुजींनी डाळीपासून आरंभ केला. कुठली डाळ, ती कधी शिजते, ओल्या लाकडानं पाठ कसा लांबतो. दारात मिराबाई येऊन उभी राहिली. तिनं मान हलवून खूण केली, मग डोळे मोठे केले, मग सरळ लिंबाकडं जाऊन रुळावर टोला दिला.

"घंटा झाली वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"ती आपली न्हाई, खुरपणीची हाय," गुरुजी म्हणाले आणि शेळ्यांकडं वळले.

खिचडी आली, ती खाताना नाईकाच्या ओट्यावरची बैठक झाली. चहा आला तेव्हा, छोटा पाठ मुळात लांब का होतो, याची कारणं चालू होती. त्यातल्या एका कारणासाठी मामा आले, मामांबरोबर सुरुंगवाला आला. मिराबाईनं आणखी दोनदा टोले दिले, पण त्या दिवशी अमृतरावांनी इतक्या वेळा फाळ बडवला होता की गुरुजींनी मान वळवून पाहिलंही नाही. पेनाचं टोपण मॅडमनी केव्हाच लावलं होतं. आधी त्यांनी शिष्टाचार म्हणून ऐकलं, मग नवलानं. ऊन व्हरांड्यातून उतरायला लागलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कसला तरी मोठा घोर मिटल्याची खूण दिसू लागली.

"गुरुजी, छोट्या पाठाविषयी तुम्ही अजून किती बोलू शकाल?" त्यांनी विचारलं.

"किती म्हंजी? मॅडम, अजून तर अमृतरावांचा फाळ टांगायचाच हाय."

मॅडमनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. वरून आदेश आला होता. दर केंद्रानं आपल्या सगळ्या शिक्षकांसाठी छोट्या वाचनपाठाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं, आणि ते दरवर्षी घ्यावं. मॅडमचं या विषयावरचं सगळं बोलणं पाव तासात संपत होतं. पाव तास वजा केला तरी पाच दिवस पाचच राहत होते. उरलेल्या वेळात शिक्षकांना काय सांगायचं या काळजीनं त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. दोन शाळांत जाऊन त्यांनी विचारूनही पाहिलं होतं, पण छोट्या पाठावर अर्ध्या दिवसाहून जास्त बोलणारा माणूस कुठं मिळाला नव्हता.

"आणि तुम्ही नुसतं बोलत नाही, करूनही दाखवता," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा माणूस मला केंद्राबाहेर सोडता येणार नाही."

त्यांनी अर्जावर लिहिलं, 'संबंधित शिक्षकांची केंद्रास नितांत गरज असल्याने बदलीची शिफारस करता येत नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि गुरुजींचा हात मनापासून हातात घेऊन त्या निघाल्या. त्यांच्या वागण्यात कपट नव्हतं. त्या खरोखर आनंदात होत्या.

गुरुजींनी शेरा दोनदा वाचला. पहिल्यांदा त्यांना अभिमान वाटला, कारण त्यांची नितांत गरज आजवर कुणी लिहून दिली नव्हती. दुसऱ्यांदा वाचताना ते खाली बसले.

मिराबाई धुतलेली भांडी घेऊन दारापाशी आली. "गुर्जी, मी तीनदा वाजवली व्हती."

"व्हय," गुरुजी म्हणाले. "ऐकली मी."

रविवारी ते नाक्यावरून बसमध्ये बसले. हिंगोलीला गाडी बदलेपर्यंत भागाबाईंना काय सांगायचं याची त्यांनी मनात जुळणी केली. पोरांनी कसं वाचलं, तिथून सुरुवात करायची. मग मॅडमचं कौतुक, मग तो आदेश, मग मोठ्या माणसाला सोडायला खातं कसं तयार नसतं याचं दुसऱ्या एखाद्या गावचं उदाहरण. नीट रचून सांगितलं तर ही हकिकत झोपायची वेळ होईपर्यंत पुरली असती, आणि तोवर मुख्य गोष्ट मागं पडली असती.

नरसीला उतरले तेव्हा अंधारून आलं होतं. भागाबाई दुकान बंद करत होत्या. एका हातानं फळी धरून, दुसरा हात गुडघ्यावर टेकून त्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी आज कुणाला हाक मारली नव्हती. शेजारच्या दुकानदाराला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, आज मालक येऊन राहिले, फळ्या तेच लावतील.

"झाली का बदली?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी तोंड उघडलं. पोरं, मॅडम, आदेश, दुसऱ्या गावचं उदाहरण, सगळं जिभेवर तयार होतं. समोर भागाबाई नवी काठपदराची साडी नेसून उभ्या होत्या, आणि ती साडी त्यांनी कशासाठी नेसली होती हे विचारायचीही गरज नव्हती.

"झाली न्हाई," गुरुजी म्हणाले.

भागाबाई थांबल्या. पुढचं येईल म्हणून त्यांनी गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं. पुढचं आलं नाही. गुरुजींनी त्यांच्या हातातली फळी घेतली, खाचेत बसवली आणि दुसरी उचलायला वाकले. नवऱ्यानं जरा लांबवून सांगावं असं भागाबाईंना जन्मात पहिल्यांदाच वाटलं.